नाळ कदापि ओढू नये

भागूबाईला सुंदरेनंतर तीन मुलगे झाले आणि तिघेही आठवडा काढायच्या आत गेले. गेले तेही एकाच तऱ्हेने. पाचव्या-सहाव्या दिवशी पोर दूध ओढेनासं व्हायचं, दातखीळ बसावी तसा जबडा मिटायचा आणि मग इवलंसं अंग धनुष्यासारखं वाकायचं. दहिवलीजवळच्या त्यांच्या वाडीत याला सटवीचा फेरा म्हणत. भागूबाईने सटवीला कोंबडी दिली, दारावर बिब्ब्याच्या फुल्या काढल्या, मांत्रिकाने सांगितलं म्हणून उंबऱ्याखाली खिळा पुरला. चौथ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिने काही म्हणजे काही केलं नाही. जुनी लुगडी फाडून दुपटीसुद्धा शिवली नाहीत.

तिचा नवरा येसाजी रेल्वेच्या गँगमध्ये रूळ सांभाळायचा आणि दत्तोपंतांचं नदीकाठचं भाताचं खाचर कुळाने लावायचा. घरात सुंदरा एकटीच जगलेली. म्हणून असेल, किंवा स्टेशनात रोज डोळ्यांसमोर लिहिलेलं असून वाचता येत नाही याची चीड असेल, पण त्याने पोरीला कर्जतच्या मुलींच्या शाळेत घातलं. वाडी हसली. "पोरगी काय अक्षरं रांधून घालनार का रं तुला?" असं लोकांनी विचारलं. सकाळी कामावर जाताना येसाजी सुंदरेला शाळेच्या दारात सोडायचा आणि पुढे जायचा.

बारा वर्षांखालच्या बायकोशी संग हा गुन्हा ठरवणारा संमतिवयाचा कायदा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. दत्तोपंत दहिवलीचे मोठे वकील. त्या कायद्याविरुद्ध त्यांनी देवळात सभा घेतली होती आणि 'सरकार आमच्या माजघरात शिरलं' हे वाक्य ते अजूनही भेटेल त्याला ऐकवत. मुलींची शाळा मात्र त्यांच्याच खटपटीने निघाली होती. शेजारच्या तालुक्यात तशी शाळा झाली आणि कर्जत मागे राहिलं, हे त्यांना सोसलं नव्हतं. शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच होते.

शाळेत एकच मास्तरीण, द्वारकाबाई. लहानपणीच विधवा झालेली, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून आलेली. केस राखलेल्या विधवेकडे मुली पाठवायच्या की नाही यावर ब्राह्मणआळीत पुष्कळ खल झाला, पण दुसरी कोणी यायला तयार नव्हती म्हणून ती राहिली. शाळेत एक लाकडी कपाट होतं. खात्याकडून आलेली आणि कोणी कोणी दिलेली पुस्तकं त्यात होती. शनिवारी प्रत्येक मुलीने एक पुस्तक घरी न्यायचं आणि सोमवारी परत आणायचं, असा नियम द्वारकाबाईंनी घातला होता.

एका शनिवारी सुंदरा निळ्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक घेऊन आली. कोणा डॉक्टरने बायकांसाठी सोप्या मराठीत लिहिलेलं, बाळंतपणाबद्दलचं. "आईला वाचून दाखव," असं सांगून द्वारकाबाईंनीच ते तिच्या हातात दिलं होतं.

भागूबाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती. सुंदरा समोर बसून एकेक अक्षर लावत होती. "मु-ला-ची ना-ळ का-प-ण्या-चे ह-त्या-र..."

सूप थांबलं. "काय म्हनलीस? परत वाच."

सुंदरेने परत वाचलं. मुलाची नाळ कापण्याचे हत्यार आधी उकळत्या पाण्यात घालून शुद्ध करावे. बांधायचा दोराही उकळावा. कापलेल्या जागी राख, शेण अथवा माती कदापि लावू नये. तसे केल्याने मळ अंगात शिरून मुलास धनुर्वात होतो व ते आठवड्याच्या आत दगावते.

"सटवीचं काय लिवलंय?" भागूबाईने विचारलं.

"सटवीचं नाय लिवलं."

"बग नीट."

"नाय गं आये. मळच लिवलाय. मळ, शेन, राख."

भागूबाई उठली. सूप तसंच टाकून ती परसात गेली. तिथे कुडाला विळा खोचलेला होता. गवत कापायचा तोच, आणि तिन्ही वेळा नाळ कापलेलाही तोच. तिने तो उपसला आणि दगडावर आपटायला सुरुवात केली. पातं वाकलं, मूठ निखळली, तरी ती आपटतच होती. सुंदरा घाबरून दारात उभी राहिली. आई रडत नव्हती. रडली असती तर सुंदरेला एवढी भीती वाटली नसती.

वाडीची सुईण अंबाबाई. वाडीतलं जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्या हातावर जगात आलेलं. भागूबाईने तिला पुस्तकातलं सांगितलं तेव्हा ती फणकारली. "पुस्तकं बाळंत व्हत्यात का गं? माज्या सासूनं शिकिवलं तसं मी करते."

"तुमच्या हातानं माजी तीन गेली, आत्याबाई," भागूबाई म्हणाली. "ह्या बारीला मी सांगंन तसं करा, नायतर येऊ नका. मी माजी मी मोकळी व्हईन."

अंबाबाई आली. येसाजीने नवा चाकू आणला होता. तो उकळला, दोरा उकळला, नाळेवर राखेचा कणही लावू दिला नाही. मुलगा झाला. सहावा दिवस गेला, सातवा गेला, पोर दूध पीतच राहिलं. बारशाला त्याचं नाव पोपट ठेवलं आणि त्या दिवशी भागूबाई पहिल्यांदा रडली. ती रडत होती ते पोपटासाठी नव्हे, आधीच्या तिघांसाठी.

ही गोष्ट लपून राहणारी नव्हती. पुढच्या शनिवारी ओटीवर दोघी-तिघी आल्या, त्याच्या पुढच्या शनिवारी ओटी भरली. सुंदरा दर शनिवारी तेच पुस्तक आणायची आणि मध्ये बसून वाचायची. तिचा वेग बेताचा. एक पान वाचायचं, मग बायका त्यावर बोलायच्या, कोणाची सून कशी गेली, कोणाचं पोर कसं गेलं. हे सांगण्यात दुपार सरायची. अंबाबाईही येऊन खांबाला टेकून बसायला लागली. तोंडाने कबूल करायची नाही, पण तिच्या पिशवीत आता नवा चाकू असे.

सगळ्यांत पुढे बसायची ती जयवंता, भागूबाईची धाकटी जाऊ. तिची पहिली खेप होती. पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून ती विचारायची, "हे माज्या पोटात असं उलटं हाय व्हय गं?" आणि हसायची. तिचं भय असं हसण्यातूनच बाहेर पडायचं. मूल बाहेर येईपर्यंतचा भाग वाचून झाला. त्यापुढचा पाठ वार पडण्याचा, मुलामागून नाळेचा गोळा बाहेर येण्याचा होता. तो पुढच्या शनिवारी वाचायचं ठरलं.

तो शनिवार आलाच नाही.

झालं होतं असं की, ब्राह्मणआळीतल्या एका मुलीने घरी जेवताना बापाला विचारलं, गर्भाशय म्हणजे काय? बाप तसाच उठून दत्तोपंतांकडे गेला. दुसऱ्या दिवशी भर वर्गात दत्तोपंत कमिटीच्या दोघांना आणि एका गड्याला घेऊन शाळेत आले. गड्याच्या खांद्यावर रिकामी गोणी होती.

"कपाट उघडा," ते म्हणाले.

द्वारकाबाईंनी मुलींना बाहेर पाठवायला पाहिलं. दत्तोपंत म्हणाले, "बसू दे त्यांना. काय वाचू नये हेही शिक्षणच आहे."

मग एकेक पुस्तक बाहेर निघालं. कमिटीतले दोघे पान उलटायचे, नाक मुरडायचे आणि गोणीत टाकायचे. बाळंतपणाचं पुस्तक पहिलं गेलं. एका विधवेची गोष्ट होती, ती गेली. वनस्पतींच्या पुस्तकात फुलातल्या परागांचं चित्र होतं, म्हणून तेही गेलं. परदेशच्या प्रवासाचं एक होतं, त्यात समुद्र ओलांडलेला, तेही गेलं. कपाटात शेवटी पाकशास्त्र, स्तोत्रं आणि सतींच्या कथा उरल्या.

"ही सगळी खात्याच्या मंजुरीची पुस्तकं आहेत," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्या निळ्या पुस्तकामुळे वाडीत एक मूल जगलंय."

"मुलं जगवणं ईश्वराच्या हाती आहे, द्वारकाबाई. तुमच्या हाती आमच्या मुलींचं शील आहे. नऊ-नऊ वर्षांच्या कुमारिकांना हे असलं वाचायला देता? आणि तुम्ही स्वतः... तुम्हाला ह्या विषयाचं इतकं अगत्य का असावं, हे मी इथे मुलींसमोर विचारत नाही."

कमिटीतला एकजण खोकल्यासारखं करून हसला. गड्याने गोणीचं तोंड बांधलं आणि ती उचलून नेली. सुंदरा पहिल्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर तिने सगळं आईला सांगितलं, हसणाऱ्या माणसासकट.

द्वारकाबाईंनी डेप्युटी इन्स्पेक्टरांना लिहिलं. ते तपासणीला आले, शिकलेले, सुधारकी मताचे गृहस्थ. त्यांनी द्वारकाबाईंचं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुमचं चुकलं नाही. पुस्तक चांगलंच आहे. पण त्या कायद्यानंतर लोकांची मनं दुखावली आहेत. अशा वेळी कमिटीला डिवचावं असं खात्याला वाटत नाही. थोडं सबुरीनं घ्या."

"बायका सबुरीनं बाळंत होत नाहीत, रावसाहेब," द्वारकाबाई म्हणाल्या.

इन्स्पेक्टरांनी टोपी उचलली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

भाताची कापणी चालू असताना जयवंताला कळा सुरू झाल्या. अंबाबाई आली. चाकू उकळला, दोरा उकळला, सगळं पुस्तकाबरहुकूम झालं. उन्हं डोक्यावर यायच्या आत मुलगी झाली, चांगली रडली. जयवंता घामाने निथळत हसली आणि म्हणाली, "काळी हाय का गोरी?"

पण वार पडेना. अंबाबाईने वाट पाहिली. जयवंताच्या तोंडात तिच्याच वेणीचं टोक घालून तिला उमासे काढायला लावले. पाठीला शेक दिला. वार येईना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

जयवंताने भागूबाईचा हात घट्ट धरला होता. "जाऊबाई," ती म्हणाली, "पुढच्या पानात काय लिवलं व्हतं वं?"

त्या पानापर्यंत ओटीवरची कोणीच पोचली नव्हती.

शेवटी अंबाबाईने सासूने शिकवलं होतं ते केलं. नाळ हाताला गुंडाळली आणि ओढली. जयवंता ओरडली. आधी थोडं, मग धो धो रक्त आलं. खालचा गोणपाट भिजला, त्याखालची भुई भिजली. बायका चिंध्या आणत राहिल्या. भागूबाईच्या हातातली बोटं हळूहळू सैल झाली. खळ्यावरून जयवंताच्या नवऱ्याला बोलवून आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी मात्र जगली. तिला भागूबाईने पोपटाच्या जोडीने अंगावर घेतलं.

महिना उलटला असेल-नसेल. दत्तोपंतांची मुलगी उमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अंबाबाईनेच तिला सोडवलं, मुलगा झाला. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला बाई हवी होती. सोयर असेपर्यंत त्या खोलीत घरातलं सोवळ्यातलं कोणी जात नाही. भागूबाईचा हात चांगला म्हणून नाव झालं होतं. दत्तोपंतांच्या बायकोने तिलाच बोलावलं. खाचर त्यांचं, नाही म्हणायची सोय नव्हती.

खोलीत पाऊल टाकताच भागूबाई चमकली. बाळंतिणीची खोली म्हणजे दारं-खिडक्या बंद, शेगडीचा धूर, जुनी गोणपाटं. इथे खिडकी सताड उघडी होती. अंथरूण धुतलेलं, परीटघडीचं. बाळाच्या बेंबीवर स्वच्छ पांढरी पट्टी. आणि कोनाड्यात, समईच्या बाजूला, निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. त्याच्या कोपऱ्यावर हळदीच्या बोटाचा डाग होता. तो तिच्याच बोटाचा.

"हे हितं कसं?" तिने विचारलं.

उमा पूर्वी त्याच शाळेत होती. आता सोळा-सतरा वर्षांची असेल. ती खालच्या आवाजात म्हणाली, "अप्पांनी आणलं. दादाला सगळं वाचायला लावलं. मी अडले तेव्हा दादा पडद्याआडून एकेक सांगत होता आणि अंबाबाई तसं करत होती. अप्पा स्वतः बाहेर बसून होते."

तेलाची वाटी भागूबाईने खाली ठेवली. मग म्हणाली, "उमाताई, तुमाला वाचाया येतं. वार अडली तर काय करायचं, तेवडं मला वाचून दावा."

उमाने पुस्तक घेतलं, पानं उलटली आणि वाचलं. "वार पडण्यास उशीर लागल्यास घाबरू नये. नाळ कदापि ओढू नये; ओढल्यास भयंकर रक्तस्राव होऊन स्त्री दगावते. पोटावर हात ठेवून गर्भाशय हलके चोळावा व तो घट्ट होताच मुठीत धरून दाबावा. मूल लागलीच स्तनाला लावावे. असे केल्याने बहुधा वार आपोआप सुटते."

"अजून?"

"एवढंच आहे."

"एवडंच?"

"हो."

"पोट चोळायचं अन् पोरीला अंगावर लावायची. एवडंच?" भागूबाईचा आवाज चढला. "पोरगी तिथंच व्हती वो! तिच्या उशाशी रडत व्हती! मी हात धरून बसले व्हते, माजे हात रिकामे व्हते!"

बाळ दचकून रडायला लागलं. उमा उठून बसली. भागूबाईने हात पुढे केला. उमाने एकदा दाराकडे पाहिलं आणि पुस्तक तिच्या हातात दिलं.

दत्तोपंत ओसरीवर दोन अशिलांशी बोलत बसले होते. आतल्या दारातून तेलकट हातांची भागूबाई पुस्तक घेऊन सरळ ओसरीवर आली, तेव्हा त्यांना आधी काही उमगेना. मग ते ओरडले, "अगं, सोयरातली तू, इथे कुठे येतेस! हो मागे!"

"हे पुस्तक शाळंचं हाय, पंत. मी शाळंत न्हेते."

दत्तोपंतांनी पुस्तक पाहिलं. क्षणभर त्यांची नजर अशिलांकडे गेली. "ते कमिटीने काढून घेतलंय. ठेव खाली."

"कमिटीनं काडलं, तर तुमच्या लेकीच्या उशाला कसं?"

"भागे, तोंड सांभाळ. आमच्या घरात समजून वाचणारी माणसं आहेत. कुमारिकांच्या शाळेत नको, एवढंच आमचं म्हणणं होतं. नऊ वर्षांच्या पोरींच्या हाती..."

"नऊ वर्सांच्या पोरीला बोहल्यावर चडिवता तवा तिचं वय दिसत नाय?" भागूबाई म्हणाली. "पोटात पोर घालाया ती मोटी झाली, अन् ते भायेर कसं येतं ते वाचाया ल्हान व्हय? बरं, पोरींना नको. आमा बायांना द्यायचं. मला द्यायचं. माज्या जावंला द्यायचं! ती मेली पंत. भात कापायच्या दिवसांत मेली. तिनं मला इचारलं, पुढच्या पानात काय लिवलंय, अन् पान हितं व्हतं. तुमच्या कोनाड्यात!"

"मला काय माहीत तुमच्या वाडीत कोण..."

"तुमाला पान म्हाईत व्हतं! तुमी पान वाचलंत! लेकीसाटी वाचलंत, ल्योक पडद्यामागं बसवून वाचलंत. वाचून बी शाळंत परत धाडलं नाय."

एका अशिलाने मान खाली घातली. दत्तोपंत उभे राहिले. "ही चोरी आहे. घरात घुसून चोरी. मी फौजदाराला बोलावतो."

"मी दिलं, अप्पा."

उमा दाराशी आली होती. बाळंतीण बाई, परपुरुषांसमोर, डोक्यावरचा पदरही नीट नाही. चौकट धरून ती उभी होती. "चोरी नाही. मी दिलंय," ती म्हणाली. मग आईने तिला आत ओढलं.

भागूबाई पायऱ्या उतरली. तिने पुस्तक पदराआड घेतलं नाही. हातात उघडं धरून ती दहिवलीच्या रस्त्याने, पूल ओलांडून कर्जतच्या शाळेपर्यंत गेली.

द्वारकाबाईंनी सगळं ऐकलं. त्यांनी वर्ग सोडला नाही. मुलींना म्हणाल्या, "ज्यांच्या आया, काकू, आत्या घरी असतील त्यांना बोलावून आणा." वाडीतल्या आल्या, रेल्वेच्या चाळीतल्या आल्या, ब्राह्मणआळीतल्याही दोघी तोंड पदरात लपवून आल्या आणि मागच्या दाराशी उभ्या राहिल्या. द्वारकाबाईंनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. कुठला शब्द गाळला नाही, कुठे आवाज खाली आणला नाही.

त्यांना त्याच आठवड्यात काढून टाकलं. कमिटीने पुस्तक मागितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हरवलं म्हणून माझ्या नावावर मांडा." पुस्तक त्यांनी आधीच सुंदरेच्या घरी पाठवलं होतं. दत्तोपंतांनी मागे त्यांच्या शीलाबद्दल जे अर्धवट सोडलं होतं, ते आता गावभर पुरं बोललं गेलं. ट्रंक घेऊन त्या पुण्याच्या गाडीत बसल्या तेव्हा सुंदरा आणि भागूबाई फलाटावर होत्या. द्वारकाबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मी काही चुकीचं केलेलं नाही, भागूबाई," त्या म्हणाल्या. "तरी मीच जातेय, आणि ते इथेच आहेत. हे विसरू नका."

पेरणीच्या आधी दत्तोपंतांनी नदीकाठचं खाचर येसाजीकडून काढून घेतलं आणि दुसऱ्याला दिलं. भागूबाईला वाटलं, नवरा आता बोलेल. येसाजी रात्रपाळीहून आला होता. चुलीपुढे बसून त्याने भाकरी खाल्ली, हात धुतला, आणि म्हणाला, "तीन पोरं मी पुरली, त्याच खाचराच्या बांधाला. जाऊ दे ते खाचर." एवढं बोलून तो पडला. पण त्याला झोप लागली नाही हे तिला कळत होतं.

अंबाबाईला हे सगळं उशिरा कळलं. उमाला सोडवल्यावर ती लेकीकडे शेलूला गेली ती तिकडेच राहिली होती. परत आली ती थेट भागूबाईच्या ओटीवर. "वाच गं पोरी ते," ती सुंदरेला म्हणाली. "ते वारंचं."

सुंदरेने वाचलं. अंबाबाईने ते तिला पुन्हा वाचायला लावलं. मग ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसली.

"वकिलाच्या घरी मला सांगत व्हते, हे उकळ, ते धू, ह्याला हात लावू नको," ती म्हणाली. "मला वाटलं, मोट्या लोकांचं सोवळं. का करायचं ते कुनी बोललं नाय. जयवंता गेली त्याला मईना बी झाला नव्हता. त्यांना ठावं व्हतं, अन् माज्या ह्या हातानं मी..." भागूबाईने पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. ती उठली आणि काठी टेकत दहिवलीच्या वाटेला लागली.

दत्तोपंतांच्या दारासमोर रस्त्यावर ती उभी राहिली. ओसरीवर पक्षकार होते, समोरच्या दुकानात गिऱ्हाइकं होती.

"वकील!" तिने हाक मारली. उभ्या आयुष्यात तिने त्यांना असं पुकारलं नव्हतं. "जयवंता मेली. माज्या हातानं मेली. तिच्या आदी नाळ वडून माज्या हातानं किती मेल्या, ऐका!"

आणि ती नावं घेऊ लागली. कोणाची सून, कोणाची लेक, कुठल्या वाडीची, कुठल्या सालच्या पावसात. काही नावं रस्त्यावरच्या लोकांच्या आयांची होती. दुकानात उभा असलेला एक म्हातारा आपल्या पहिल्या बायकोचं नाव ऐकून मटकन खाली बसला. "ह्या मी मारल्या," अंबाबाई ओरडत होती. "मला ठावं नव्हतं म्हनून मारल्या. तुमाला ठावं झालं, तरी तुमी गोनीत बांदलंत! आता पुढं ज्या मरतील त्या तुमच्या! त्यांची नावं तुमी घ्या!"

दत्तोपंतांनी गड्याला तिला हाकलायला सांगितलं. गडी पायरीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. तिला हात लावेना. मग आतून दार लागलं. एक खिडकी लागली, मग दुसरी. माडीवरची एक तेवढी उघडी राहिली, ती उमाच्या खोलीची होती.

पुस्तकं शाळेत परत आली नाहीत. नवी मास्तरीण आली, तिला कपाटाची किल्लीच दिली नाही. दत्तोपंत शेवटपर्यंत कमिटीचे अध्यक्ष राहिले आणि त्यांच्या मागे शाळेच्या भिंतीवर त्यांची तसबीर लागली. सुंदरा मात्र वाचत राहिली. वाडीत कोणी अडली की तिला बोलावणं यायचं. ती बाहेर ओटीवर पाठमोरी बसून मोठ्याने वाचायची, आत अंबाबाईचे आणि भागूबाईचे हात चालायचे.

अंबाबाई हिंडती-फिरती होती तोवर दर बाजाराच्या दिवशी त्या दारासमोर जात राहिली. लोक म्हणायचे, म्हातारी खुळावली. ती खुळावली नव्हती. ती रागावली होती आणि तो राग तिने मरेपर्यंत कमी होऊ दिला नाही.